स्क्रीनशॉट आहेत, पण फोन विकला : डिजिटल पुराव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मोबाइलमधले संदेश, फोनवरची रेकॉर्डिंग आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण कोर्टात कसं दाखल करायचं, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली निवडक खाली घेतली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३’ लागू झाला. उत्तरं त्यानुसार आहेत.

प्रश्न : मित्राला सव्वातीन लाख रुपये हातउसने दिले. दोन लाख बँकेतून, सव्वा लाख रोख. ‘दिवाळीपर्यंत सगळे देतो’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. आता म्हणतो, रोख रक्कम घेतलीच नाही. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, पण तो फोन मी एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. स्क्रीनशॉटच्या प्रिंट कोर्टात चालतील का? (इचलकरंजी)

नुसत्या प्रिंट चालणार नाहीत. कोर्टाच्या लेखी मूळ पुरावा म्हणजे फोनमधली नोंद. कागदावरची प्रिंट ही तिची नक्कल, आणि अशी नक्कल पुराव्यात घ्यायची तर सोबत कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, म्हणजे ती कोणत्या उपकरणातून घेतली हे सांगणारं सही केलेलं पत्र, लागतं. मूळ फोनच कोर्टात हजर करून त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नसते. तो रस्ता फोन विकल्यामुळे तुमच्यासाठी बंद झाला.

पण फोन गेला म्हणजे चॅट गेलंच असं नाही. नंबर तोच ठेवून नवीन फोनमध्ये व्हॉट्सॲप सुरू करताना बॅकअप परत घेतला होता का, ते आधी पाहा. घेतला असेल तर ते संभाषण आता नवीन फोनमध्ये आहे आणि प्रमाणपत्र याच फोनचं द्यायचं. मात्र जुना फोन कधी बदलला आणि बॅकअप कुठून घेतला, हे त्यात सरळ लिहा. लपवलंत तर उलटतपासात पहिला प्रश्न त्याचाच येईल. कोर्टाचं काम होईपर्यंत व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका. त्या चॅटला ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ची २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची मुदत लावलेली असेल तर ती आजच बंद करा.

बॅकअपही नसेल तर तेच चॅट मित्राच्या फोनमध्ये असू शकतं. दाव्यात त्याला दस्तऐवज हजर करण्याची नोटीस देता येते. तो हजर करेलच असं नाही, पण नोटीस देऊनही न दिल्यास तुमच्या नकलेचं वजन वाढतं. त्याआधी वकिलामार्फत पाठवायच्या नोटिशीत ते संदेश तारीख, वेळ आणि शब्दांसह जसेच्या तसे उतरवा. दावा दाखल करतानाही वादपत्रात तेच करा. दिवाणी कामात प्रतिवादीला प्रत्येक मुद्दा नेमकेपणाने नाकारावा लागतो. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्याने मोघम ‘सर्व मजकूर खोटा’ एवढंच लिहिलं तर त्याचा फायदा तुम्हाला मिळू शकतो.

आता तुमचे स्क्रीनशॉट नीट तपासा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वर नाव ‘सुन्या’ असं दिसतं, कारण तुम्ही नंबर तसा सेव्ह केलाय. कोर्टाला सुन्या कोण ते माहीत नसतं. फोन हातात असेल तर त्या व्यक्तीच्या माहितीचं पान उघडून पूर्ण नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्यायला हवा. तारखेच्या जागी ‘काल’ किंवा ‘आज’ असं दिसत असेल तर तो कोणत्या दिवशीचा काल, हे कागदावरून कुणालाच कळत नाही. संभाषणाचा फक्त सोयीचा तुकडा काढला असेल तर समोरचे वकील आधीचं-नंतरचं मागतील. मागच्या-पुढच्या संदेशांसह सलग स्क्रीनशॉट हवेत, प्रत्येक पानावर आधीच्या पानाची शेवटची ओळ दिसेल असे. ‘एक्सपोर्ट चॅट’ केल्यावर जी मजकुराची फाइल मिळते ती वाचायला सोयीची असली तरी कुणीही उघडून बदलू शकतो. ती स्क्रीनशॉटच्या जोडीला द्या, एकटी नको.

बँकेतल्या दोन लाखांसाठी बँकेकडून बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या प्रमाणपत्रासह खातेउतारा घ्या. मोबाइलवरच्या ॲपमधली पावती त्याची जागा घेत नाही. खरी लढाई रोख सव्वा लाखाची आहे. वीस हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही, त्यामुळे ‘एवढी रोकड आणली कुठून’ हा प्रश्न ठरलेला समजा. दिलेल्या तारखेच्या आसपास खात्यातून पैसे काढल्याची नोंद असेल तर ती आताच शोधून ठेवा. अशा दाव्याची मुदत साधारणपणे रक्कम दिल्या दिवसापासून तीन वर्षं. दिवाळीची वाट पाहण्यात ती संपवू नका.

प्रश्न : आमचे वकील ‘६५-ब चं सर्टिफिकेट’ म्हणतात, मुलगा म्हणतो आता ६३ लागतं. नक्की काय? ते कोण देतं? कुठल्या ऑफिसात मिळतं का? (परभणी)

दोघेही बरोबर असू शकतात. ज्या कामात चौकशी, खटला किंवा अपील १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित आहे ते जुन्याच कायद्याने चालतं, तिथे ६५-ब. त्यानंतर सुरू झालेल्या कामाला कलम ६३.

हे प्रमाणपत्र कुठल्या कार्यालयात मिळत नाही. नोंद ज्या उपकरणात आहे ते ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, तोच ते देतो. फोन बायकोचा असेल तर सही बायकोची. वकिलाची किंवा टायपिस्टची चालत नाही. नव्या कायद्याने नमुनाच ठरवून दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरणवाल्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. जुन्या ६५-ब मध्ये तज्ज्ञाची सही लागत नव्हती, त्यामुळे जुना मसुदा तसाच छापून दिला की काम अडतं. हा तज्ज्ञ सरकारी प्रयोगशाळेतलाच हवा असं कलम ६३ म्हणत नाही. मात्र त्याचं शिक्षण आणि अनुभव उलटतपासात टिकायला हवा. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची सही घेऊन दोनशे रुपये वाचतील, पुरावा वाचेलच असं नाही.

भाग ‘अ’ मध्ये उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहायचा असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहा. उपकरण त्या काळात नीट चालत होतं, आणि मध्ये बंद पडलं असल्यास नोंदीवर परिणाम झालेला नाही, हे विधान असतं. शेवटी तारीख आणि चोवीस तासांच्या पद्धतीने वेळ. यात राहून जातो तो रकाना हॅश मूल्याचा.

हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर एक गणिती प्रक्रिया चालवली की ठरावीक लांबीची अक्षर-आकड्यांची ओळ मिळते. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते, एमडी-५ मध्ये ३२. फाइलमधला एक स्वल्पविराम काढला तरी पूर्ण ओळ वेगळी येते. फाइलचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी केली तर मात्र हॅश बदलत नाही. विंडोज संगणकात हॅश काढण्याची सोय आधीपासून असते (‘सर्टयुटिल’ ही आज्ञा), वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. शक्यतो एसएचए-२५६ वापरा. नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ ही आहेत, पण त्या दोन्ही पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा बनवता येतो हे सिद्ध झालेलं आहे. समोरच्याला आयता मुद्दा कशाला द्यायचा?

हॅश जुळत नाही, असं झालं की बहुतेक वेळा कारण फालतू असतं. कुणीतरी फाइल उघडून पुन्हा सेव्ह केलेली असते, फोटो आडवा होता म्हणून सरळ केलेला असतो, किंवा हॅश मूळ फाइलचा काढून कोर्टात व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दिलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा : आधी मूळ फाइलची कॉपी, मग दोन्हींचा हॅश काढून जुळवणं, मग पेनड्राइव्ह बंद पाकिटात. त्यानंतर ऐकायचं-बघायचं ते तिसऱ्या प्रतीवर.

प्रमाणपत्र एकदा दिलं की संपलं, असंही नाही. नव्या कलमानुसार ती नोंद जितक्या वेळा पुराव्यासाठी दाखल कराल तितक्या वेळा ते सोबत हवं.

ते न मिळाल्यास काय होतं, याचा देशभर उद्धृत होणारा निकाल जालन्याचाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला गेला, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि भिस्त होती निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारकच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. पण ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याला त्यापायी अडवता येणार नाही. यातून घ्यायचं ते एवढंच : बँक, सोसायटी किंवा कंपनी प्रमाणपत्र देत नसेल तर लेखी मागणी करा, पोच ठेवा आणि मग कोर्टाकडे अर्ज करून त्यांना आदेश मागा. ‘तोंडी मागितलं होतं’ याला किंमत नाही.

समोरच्याने प्रमाणपत्राशिवाय प्रिंट दिल्या असतील तर त्या कागदांना निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून घेतल्याचा कोर्टाचा क्रमांक) पडतानाच तुमच्या वकिलांनी हरकत घ्यायला हवी. प्रमाणपत्र नव्हतं ही तक्रार अपिलात पहिल्यांदा केली तर ऐकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : नवरा फोनवर शिवीगाळ करतो, माहेरहून पैसे आणायला सांगतो. मी दहा-बारा कॉल त्याला न सांगता रेकॉर्ड केले आहेत. घटस्फोटाच्या कामात ते वापरता येतील का, की माझ्यावरच गुन्हा होईल? (नाशिक)

ताई, वापरता येतील. पतिपत्नीमधलं खासगी बोलणं पुराव्यात येत नाही असा नियम आहे, पण त्यालाच अपवाद आहे की दोघांमध्येच खटला असेल तर येऊ शकतं. भटिंड्याच्या एका प्रकरणात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने असं रेकॉर्डिंग खासगीपणाच्या मुद्द्यावर नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुराव्यात घेता येईल असं सांगितलं. तारीख १४ जुलै २०२५. जालन्याच्या निकालाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, हा निव्वळ योगायोग. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे वाद सोडवायला मदत होईल असा मजकूर घेण्याची तिथे जास्त मुभा आहे.

पण एक रेघ आहे आणि ती ओलांडू नका. ज्या संभाषणात तुम्ही स्वतः बोलत आहात ते रेकॉर्ड करणं वेगळं. नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याचे इतरांशी चाललेले कॉल ऐकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुमच्यावरच तक्रार होऊ शकते. ‘बहिणीच्या मुलाला येतं ते’ म्हणून त्याच्याकडून करवून घेतलंत तर तोही अडकेल.

पुराव्यात येणं आणि त्यावर कोर्टाने विश्वास ठेवणं या दोन पायऱ्या आहेत. आवाज कुणाचा हे ओळखणारा साक्षीदार हवा, रेकॉर्डिंगमध्ये कापाकापी नसल्याची खात्री हवी, ते सुरक्षित ताब्यात राहिलेलं हवं, आवाज स्पष्ट हवा आणि विषयाशी संबंध हवा. टेपच्या जमान्यात, १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या या कसोट्या आजही लागतात. म्हणून शिवीचा तेवढा तुकडा कापून ठेवू नका. ‘हॅलो’पासून ‘ठेवतो’पर्यंत पूर्ण फाइल ठेवा, त्यात तुमचा चढलेला आवाज असला तरी. कापलेल्या फाइलवर पहिला संशय कापण्याचाच येतो.

प्रत्येक कॉलचा उतारा शब्दशः करा, कोणत्या मिनिटा-सेकंदाला कोण बोललं ते समोर लिहा. अहिराणी किंवा बोलीतले शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. बोलतात तसे लिहून पुढे अर्थ द्या. बोलताना त्यांनी स्वतःचं किंवा तुमचं नाव, घरातल्या एखाद्या प्रसंगाचा उल्लेख केला असेल तर ती जागा ठळक दाखवा. आवाज ओळखायला हे फार कामाला येतं.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला मारहाण झाली. वर कॅमेरा आहे. सेक्रेटरी म्हणतात, ‘पोलीस आल्याशिवाय फुटेज देणार नाही.’ पोलीस म्हणतात, ‘बघू.’ किती दिवस थांबू? (डोंबिवली)

एकही दिवस नाही. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र. त्यातली हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवीन चढतं. साधा हिशोब पाहा. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. आठ कॅमेरे असतील तर सहा दिवससुद्धा नाहीत. ‘महिनाभराचं राहतं’ हे सेक्रेटरींना कॅमेरे बसवणाऱ्याने सांगितलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

आजच सोसायटीला लेखी पत्र द्या : अमुक तारीख, अमुक वेळेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं, अमुक कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. फुटेज तुमच्या हातात द्यायला ते बांधील नसतील, पण पत्राची पोच असताना ते पुसू दिलं तर त्याचा जाब द्यावा लागेल. पोलीस तक्रारीत कॅमेऱ्याची जागा आणि या पत्राचा उल्लेख असू द्या, म्हणजे ‘बघू’ लेखी होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा न्यायालय हे चित्रण मागवू शकतं.

डीव्हीआरमधून काढताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली घड्याळाची : डीव्हीआरचं घड्याळ मागे-पुढे असतं. ते आधी ‘बरोबर’ करू नका. डीव्हीआरचा पडदा आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि ‘डीव्हीआर ११ मिनिटं पुढे’ असा फरक लिहून ठेवा. दुसरी, फुटेज यंत्राच्या मूळ स्वरूपात आणि ते चालवणाऱ्या प्लेअरसह काढा. एमपी-४ प्रत फक्त बघायला. तिसरी, पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून ‘मिळालं फुटेज’ म्हणू नका. ती नकलेची नक्कल आहे आणि तिच्यात चेहरा ओळखू येत नाही. काहीच मिळत नसेल तर तेवढी असू द्या, पण मूळ मागत राहा. प्रमाणपत्र डीव्हीआर सांभाळणाऱ्याचं लागेल, म्हणजे सेक्रेटरींचं किंवा देखभाल कंत्राटदाराचं. पोलिसांनी डीव्हीआरच जप्त केला तर पंचनाम्यात त्याचा आणि आतल्या डिस्कचा अनुक्रमांक आलाय का, तेवढं पाहा.

प्रश्न : समोरच्याने कॉल केल्याचं सिद्ध करायला कंपनीकडून त्याचे कॉल डिटेल्स मिळतील का? (पणजी)

तुम्हाला थेट मिळणार नाहीत. कोर्टात अर्ज करून मागवावे लागतात. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यापेक्षा जुन्या मिळतीलच असं धरू नका. त्यात कोण, कोणाला, कधी, किती सेकंद एवढं कळतं, बोलणं नाही. व्हॉट्सॲप कॉल त्यात कॉल म्हणून दिसतच नाही.

प्रश्न : नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवली, निळ्या टिका आल्या. बजावणी झाली का? (बारामती)

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीडीएफ नोटीस पोहोचली आणि उघडली गेल्याचं टिकांवरून मान्य केलं होतं. तरीही नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवाच. संदेशावर बोट दाबून ‘इन्फो’ उघडलं की पोहोचल्याची आणि वाचल्याची वेळ दिसते, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. निळ्या टिका न दिसणं हा न वाचल्याचा पुरावा नाही, ती सोय कुणीही बंद करतं. ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही.

प्रश्न : लाच मागितल्याचं रेकॉर्डिंग आहे. तो म्हणतो, ‘हा एआयने बनवलेला आवाज आहे.’ आता? (लातूर)

तसं म्हटल्याने रेकॉर्डिंग बाद होत नाही. फौजदारी कामात दंडाधिकारी आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो अधिकार मान्य केला, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्येच आहे. नमुना आणि रेकॉर्डिंग न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. तिथे तुलनेला मूळ फाइल लागते. त्यामुळे ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो जपा, फॅक्टरी रीसेट करू नका, विकू नका. वकिलांना ऐकवायला फाइल पाठवायची तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. फोटो किंवा व्हिडिओ साध्या पद्धतीने पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, आतली तारीख-जागेची माहिती निघून जाते आणि हॅशही बदलतो. मोठ्या फाइलीला ईमेलचा आग्रह नको, पेनड्राइव्ह नेऊन द्या आणि दिल्याची तारीख वहीत लिहा.